ज्ञानकोशकारांची लेखनशाळा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली एसटी कापूरहोळ मागे टाकते आणि नीरा नदी ओलांडण्यापूर्वी भोर तालुक्यातले सारोळे लागते. पुलापलीकडे सातारा जिल्हा. मग शिरवळ, खंडाळा, खंबाटकीचा घाट, आणि घाट उतरला की थोड्याच अंतरावर वाईला वळणारा रस्ता. मराठीतल्या दोन मोठ्या ज्ञानग्रंथांच्या दृष्टीने पाहिले तर हे गाव मधल्या वाटेवर बसलेले आहे. एका टोकाला पुणे. तिथे १९२० नंतरच्या सात-आठ वर्षांत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड छापून बाहेर पडले. दुसऱ्या टोकाला वाई. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘मराठी विश्वकोश’ उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला.

या वाटेवरच्या गावांतली मुले-मुली आज पुण्यात एम.एस्सी. करतात, पीएच.डी.साठी नाव नोंदवतात. सुट्टीत घरी आलेल्या नातीला आजोबा कौतुकाने विचारतात, की बाळ, तू तिकडे नेमके काय शिकतेस? नात दोन वाक्ये बोलते, तिसऱ्या वाक्यात इंग्रजी शब्दांची गर्दी होते आणि मग ते काही तरी केमिस्ट्रीतले आहे, तुम्हाला नाही कळायचे, असे म्हणून विषय संपतो. आजोबा हसून मान डोलावतात. हे चित्र अनेक घरांत दिसते. मुलगी हुशार असते, आजोबाही काही अडाणी नसतात. शेतीचे, पाण्याचे, बाजाराचे बारकावे ते नातीला तासभर समजावून सांगू शकतील. अडचण इतकीच असते, की आपले संशोधन दुसऱ्याला कळेल असे लिहावे कसे आणि सांगावे कसे, हे त्या मुलीला कोणी शिकवलेलेच नसते. शिकवण्याची गरज आता सरकारदरबारीही पटू लागली आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ नावाची योजना काढली आणि आपल्या संशोधनावर सामान्य वाचकांसाठी लेख लिहिणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना बक्षिसे देऊ केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा अभ्यासक्रम पीएच.डी.साठी सक्तीचा केला.

महाराष्ट्रात मात्र हे काम शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने अंगावर घेतले होते. ते त्याने एखाद्या विद्यापीठात केले नाही. त्यासाठी त्याने कंपनी काढली, कचेरी थाटली, पगारी पदवीधर नेमले आणि मराठीत शास्त्र कसे लिहायचे हे त्यांच्याकडून लिहवून घेऊनच त्यांना शिकवले. त्याचे नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. आपण त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो, पुष्कळदा नुसतेच ओळखतो. वाचनालयातल्या उंच कपाटात जाडजूड बांधणीचे ते खंड दिसतात, कोणी ते काढत नाही, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांचे काय झाले हेही कोणी विचारत नाही.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. शालेय शिक्षण वऱ्हाडात अमरावतीला झाले, पुढे मुंबईचे विल्सन कॉलेज. १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले. त्या काळी विलायतेला जायचे म्हणजे बॅरिस्टर व्हायला किंवा आय.सी.एस.च्या परीक्षेला. अमेरिकेची वाट धरणारे फार थोडे, आणि त्यांतही समाजाचे शास्त्र शिकायला निघालेला तरुण विरळाच. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाच्या लहानशा गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे, तिथे ते दाखल झाले आणि १९११ मध्ये पीएच.डी. घेऊन बाहेर पडले.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदुस्थानातल्या जातीसंस्थेचा इतिहास. या विषयावर आपल्याकडे ज्याला त्याला मत असते आणि पुरावा क्वचितच कोणाजवळ असतो. केतकरांनी विषय आखडून घेतला. मनुस्मृती हा एक ग्रंथ घ्यायचा, तो कोणत्या काळातला हे आधी ठरवायचे, आणि मग त्या एका काळातल्या समाजाबद्दल त्या ग्रंथावरून काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, एवढेच पाहायचे. हा काळ त्यांनी इसवी सनाचे तिसरे शतक असा धरला. १९०९ साली, शिक्षण चालू असतानाच, हे पुस्तक इथाकालाच इंग्रजीत प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याचा दुसरा भाग, हिंदुत्वाची चर्चा करणारा, १९११ मध्ये लंडनला निघाला. आज त्यातले सगळे निष्कर्ष कोणी स्वीकारणार नाही. पण विधान करायचे तर त्याखाली आधार दाखवायचा, आधार नसेल तर विधान आवरायचे, ही शिस्त त्यांना तिथे लागली. पुढच्या सगळ्या उद्योगाचे मूळ या शिस्तीत आहे असे मला वाटते.

मायदेशी परतण्यापूर्वी ते काही काळ लंडनला राहिले. तिथे त्यांची ओळख एडिथ कोह्न या जर्मन ज्यू तरुणीशी झाली. ही ओळख पुढे त्यांच्या आयुष्याला कशी पुरून उरली ते यथाक्रम येईलच.

१९१२ मध्ये ते परत आले. कलकत्ता विद्यापीठात थोडा काळ अध्यापन केले. १९१४ मध्ये अर्थशास्त्रावर आणि हिंदू कायद्यावर त्यांची इंग्रजी पुस्तके निघाली. अमेरिकेची डॉक्टरेट, इंग्रजीत चार ग्रंथ, वय तीस. अशा माणसाने एखादी प्रोफेसरी धरावी आणि सुखाने पेन्शन घ्यावी हा शहाणपणाचा मार्ग होता. केतकरांनी तो सोडला. मराठीत एक संपूर्ण ज्ञानकोश करायचा हे वेड त्यांनी डोक्यात घेतले आणि नागपुरात त्यासाठी मंडळ स्थापन केले. १९१६ च्या सुमारास काम सुरू झाले. पुढे कचेरी पुण्याला आली.

कोश करण्याची कल्पना काही नवी नव्हती. फ्रान्समध्ये दिदेरो आणि त्याच्या सोबत्यांनी १७५१ पासून विश्वकोशाचे खंड काढून राजाची आणि चर्चची झोप उडवली होती. एडिंबरोला १७६८ मध्ये सुरू झालेला ब्रिटानिका तीन खंडांचा होता, तो १९१०-११ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत एकोणतीस खंडांचा झाला. आपल्याच देशात नगेंद्रनाथ बसू यांनी १९११ पर्यंत बंगालीत बावीस खंडांचा विश्वकोश पुरा केला होता. बंगाल्यांना जमते ते आपल्याला का जमू नये, हा प्रश्न त्या पिढीतल्या महाराष्ट्रीयाला झोंबणारा होता. केतकरांची खरी नवलाई पुढे आहे. कोशासाठी ते एखाद्या संस्थानिकाच्या दारी आश्रय मागत बसले नाहीत. त्यांनी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले. ज्ञान हवे असेल तर समाजाने ते विकत घ्यावे, आणि विकत घेण्याजोगे करून देणे हे विद्वानाचे काम, असा रोखठोक व्यवहार होता. सरस्वतीचा लिमिटेड कंपनीशी संबंध जोडलेला पाहून पुण्यातल्या काही मंडळींना गंमत वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हा कोश लिहायचा कोणी?

ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीला दीड हजारांच्या घरात लेखक होते आणि त्यांतले कित्येक आपापल्या विषयातले पहिल्या पंक्तीचे विद्वान होते. मराठीत तसे तज्ज्ञ होते थोडे. होते त्यांना सवड नव्हती, आणि सवड असलेल्यांना मराठी लिहिता येत नव्हते. हे शेवटचे विधान वाचकांना चमत्कारिक वाटेल. मराठी माणसाला मराठी लिहिता येत नव्हते म्हणजे काय? पण मुंबई विद्यापीठाचा इतिहास आठवावा. विद्यापीठाने १८६० च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढून टाकल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली तेव्हा कुठे मराठीला एम.ए.च्या परीक्षेत थोडा शिरकाव मिळाला. म्हणजे पदवीधर झालेल्या तरुणाने उष्णता, वीज, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, सारे काही इंग्रजीत वाचलेले, इंग्रजीत घोकलेले आणि इंग्रजीतच उत्तरपत्रिकेवर उतरवलेले असे. मराठीत तो घरी बोलत असे, पत्रे लिहीत असे, फार तर कविता करत असे. ज्ञानाची आणि मराठीची त्याच्या डोक्यात कधी गाठच पडलेली नसे.

आणि लिहायला बसला तर त्याच्यासमोर आदर्श कोणता? विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून निघू लागली आणि तिने मराठी गद्याला ठसका दिला, डौल दिला. मराठी लेखकांची पुढची पिढी त्या डौलावरच पोसली. पण ज्या वाक्याने प्रतिपक्षाला लोळवायचे ते वाक्य वेगळे, आणि ज्या वाक्याने वाफेचे इंजिन समजावून द्यायचे ते वेगळे. कोशातल्या नोंदीला प्रतिपक्ष नसतो. तिच्यापुढे असतो एक वाचक, ज्याला एक गोष्ट ठाऊक नाही आणि ती पाच-सात मिनिटांत समजून घ्यायची आहे. त्याच्यासाठी दृष्टांतांची आतषबाजी निरुपयोगी. तरुण पदवीधरांच्या लेखणीला दोन सवयी जडलेल्या असत. एक, संस्कृत समासांनी वाक्य जड करायची. दुसरी, इंग्रजी वाक्य मनात ठेवून त्याच्यावर मराठी शब्द चिकटवायची. दुसरी सवय आजही आपल्या वर्तमानपत्रांतून रोज सकाळी भेटते, तेव्हा त्या तरुणांना हसण्याचे कारण नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. हे माझे आहे, ज्ञानकोशातले नव्हे. समजा, ‘तुरटी’ या शब्दावर नोंद लिहायची आहे. टेबलावरच्या इंग्रजी ग्रंथात पहिले वाक्य असते की हे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे सल्फेट असून त्याचे अष्टफलकी स्फटिक बनतात. पदवीधर हे वाक्य प्रामाणिकपणे मराठीत आणतो. आणले की झाले? नीरेकाठच्या गावातल्या माणसाला तुरटी ठाऊक आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात ती फिरवली की गाळ तळाशी बसतो हे त्याच्या आईने त्याला दाखवलेले आहे. न्हाव्याच्या पेटीत तो ती पाहतो. रंगारी कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतो हेही त्याला ऐकून माहीत आहे. मग नोंद त्याच्या हंड्यापासून सुरू करावी की स्फटिकापासून? हंड्यापासून सुरू केली तर गाळ का बसतो हे सांगावे लागते, म्हणजे पाण्यातले बारीक कण एकमेकांना का चिकटतात आणि जड होऊन खाली का जातात ते लेखकाला आधी स्वतःला कळावे लागते. इंग्रजी वाक्याचे भाषांतर करताना ही गरज पडत नाही. न समजताही भाषांतर करता येते. समजावून सांगायचे तर समजल्यावाचून गत्यंतर नसते. शास्त्रीय लेखन शिकवण्यातली सगळी मेख इथे आहे, शंभर वर्षांपूर्वी होती आणि आज संगणकासमोर बसलेल्या संशोधकालाही तीच आहे.

शिवाय शब्दांचा प्रश्न. ऑक्सिजन म्हणावे की प्राणवायू? प्राणवायू म्हटले तर वाचकाला अर्थ लागतो, पण पुढे ऑक्साइड आले की काय करायचे? आणि ऑक्सिजन म्हटले तर तो कोशात कोणत्या अक्षराखाली घालायचा? अकारविल्हे रचना म्हणणे सोपे आहे, पण अनुस्वाराचा शब्द आधी की नंतर, परदेशी नाव लोक उच्चारतात तसे लिहायचे की मुळात आहे तसे, एकाच गोष्टीची तीन नावे असतील तर मुख्य नोंद कोणत्या नावाखाली, हे सारे ठरवल्याशिवाय एक पान पुढे सरकत नाही. आणि एकदा ठरवले की पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत ते पाळावे लागते. एकट्या लेखकाला लहर चालते, पण कचेरीत बसून दहा हातांनी एक ग्रंथ लिहायचा तर लहर बाजूला ठेवावी लागते. ज्ञानकोशाच्या कचेरीचा हा संस्कार फार महत्त्वाचा होता. मराठी साहित्यात लहरी प्रतिभावंतांची वाण कधीच नव्हती. नेमून दिलेला विषय, नेमून दिलेल्या जागेत, नेमून दिलेल्या वेळेत, आधार पाहून लिहून देणारा माणूस मात्र दुर्मीळ होता. तो केतकरांनी घडवला.

कोशाची मांडणीही त्यांच्यातल्या शिक्षकाची साक्ष देते. सरळ ‘अ’पासून आरंभ न करता त्यांनी आधी प्रस्तावनेचेच पाच खंड काढले. पहिला हिंदुस्थान आणि जग यांवर, दुसरा वेदविद्येवर, तिसरा बुद्धपूर्व जगावर, चौथा बुद्धोत्तर जगावर आणि पाचवा विज्ञानेतिहासावर. प्रस्तावना पाच खंडांची, हे ऐकून आज कोणताही प्रकाशक घाम पुसेल. पण त्यामागे विचार होता. अक्षरांच्या क्रमाने लावलेले ज्ञान तुकड्यातुकड्यांचे असते. वाचकाला एक शब्द सापडतो, पण तो शब्द कोणत्या मोठ्या गोष्टीचा भाग आहे हे कळत नाही. आपल्या वाचकाने आधी जगाचा नकाशा पाहावा आणि मग गल्ली शोधावी, असा हा बेत होता. पाचवा खंड तर आजच्या भाषेत विज्ञानप्रसाराचाच. शास्त्रे कशी उगवली, कोणी कोणाकडून काय घेतले, आपले पूर्वज कुठवर पोचले होते आणि कुठे थांबले, याचा मराठी वाचकाला सलग इतिहास देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. अक्षरानुक्रमाचे शरीरखंड सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत आले. बाविसावा सूचीचा आणि तेविसावा हिंदुस्थानावरचा.

पहिला खंड १९२० साली निघाला. त्याच वर्षी केतकरांचे लग्न झाले. लंडनला भेटलेली एडिथ महायुद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानात येऊ शकली नव्हती. युद्धात जर्मनी आणि ब्रिटन शत्रू, आणि हा मनुष्य ब्रिटिश प्रजाजन. दोघांनी आठेक वर्षे वाट पाहिली. ती पुण्याला आली तेव्हा केतकरांनी व्रात्यस्तोम हा वैदिक विधी करवून तिला हिंदू धर्मात घेतले. ती शीलवती केतकर झाली. जातीसंस्थेचा शास्त्रीय इतिहास लिहिणाऱ्याने बाहेरच्या माणसाला आपल्यात घेण्याचा जुना मार्ग ग्रंथातून शोधून काढावा आणि स्वतःच्या घरात तो वापरावा, हे केतकरांना शोभणारेच होते. त्या बाईच्या वाट्याला मात्र पुण्याचा परका संसार आला आणि पैशाची सततची ओढाताण. तिनेही लेखणी चालवली. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास तिने इंग्रजीत आणला आणि कलकत्ता विद्यापीठाने तो १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. संस्कृत वाङ्मयाचे विद्यार्थी आजही हे पुस्तक चाळतात. मुखपृष्ठावरच्या श्रीमती एस. केतकर या कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

ज्ञानकोशातले दोष त्या काळच्या टीकाकारांनी दाखवले आणि ते खोटे नव्हते. सगळ्या नोंदी सारख्या तोलाच्या नाहीत. काही भरघोस आहेत, काही घाईच्या. आधुनिक शास्त्रांचा भार पुष्कळसा इंग्रजी ग्रंथांवर आहे, आणि तो असणारच होता, कारण लिहिणारे तरुण त्या त्या शास्त्रातले संशोधक नव्हते. स्वतः केतकरांची मराठी भाषा तर ओबडधोबडच म्हणावी लागेल. त्यांचे वाक्य मधेच अडते, शब्द खडे लागल्यासारखे लागतात, कुठे कुठे इंग्रजी वळण डोकावते. चिपळूणकरी गद्यावर वाढलेल्या रसिकांनी त्यांना नाके मुरडली यात आश्चर्य नाही. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. केतकर काय म्हणताहेत याबद्दल वाचकाला सहसा शंका राहत नाही. कसे म्हटले आहे हे आवडो न आवडो, काय म्हटले आहे ते हाती लागते. लेखन शिकवणाऱ्याचे स्वतःचे लेखन सुंदर असलेच पाहिजे असे नाही. तालीम घेणारा वस्ताद स्वतः प्रत्येक कुस्ती मारतोच असे कुठे असते?

त्यांचे सगळे विचार आज पटणारे नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. समाजरचनेबद्दलची त्यांची काही मते त्या काळाची आणि त्यांच्या स्वतःच्या थराची आहेत. मात्र ती त्यांनी झाकून ठेवली नाहीत. वाचकाला भांडता येईल अशा रीतीने ती उघड मांडली.

ज्ञानकोश चालू असतानाच त्यांनी ‘विद्यासेवक’ मासिक काढले आणि कादंबऱ्या लिहायला घेतल्या. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ आणि ‘परागंदा’ या १९२६ च्या, ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. कोशकाराने कादंबरी लिहावी हे विचित्र वाटते, पण त्यांच्या दृष्टीने काम एकच होते. समाजशास्त्राचा ग्रंथ शंभर माणसे वाचतील, कादंबरी घरोघर जाईल. ‘ब्राह्मणकन्या’तली कालिंदी ही समाजाने मान्य न केलेल्या संबंधांच्या घराण्यातली मुलगी. तिने लग्न कोणाशी करायचे, तिची जात कोणती, तिच्या मुलांचे काय, असे प्रश्न केतकर तिच्या तोंडून आणि तिच्या नशिबातून उभे करतात. कथानक रेंगाळते, पात्रे व्याख्याने देतात, पण प्रश्न वाचकाचा पिच्छा सोडत नाही. दुर्गाबाई भागवतांना या कादंबऱ्यांवर ‘केतकरी कादंबरी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, यातच त्यांचे मोल आले.

१९२७ मध्ये केतकरांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहास ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून लिहिला. हेही त्यांच्या स्वभावाला धरून झाले. लोकांचा पैसा घेतला, त्याचे काय केले, काम कसे चालले, हे लोकांपुढे ठेवले पाहिजे. आजच्या संशोधन प्रकल्पांचे अहवाल बहुधा फायलीत जातात. केतकरांनी आपला अहवाल पुस्तक करून छापला.

कोश पुरा झाला, पण केतकर सावरले नाहीत. तेवढ्यावर थांबून चार दिवस विश्रांती घेतली असती तर ते केतकर कसले? त्यांनी गुजराती ज्ञानकोश हाती घेतला. तो थोडे खंड निघून बंद पडला आणि अंगावर बोजा राहिला. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३५ मध्ये ‘प्राचीन महाराष्ट्र’ हा ग्रंथ आला. मानसन्मान होते, नाव होते, घरात पैसा मात्र नव्हता. ज्या महाराष्ट्राला त्यांनी तेवीस खंड दिले त्या महाराष्ट्रात त्यांना साजेशी जागा देणारे एकही विद्यापीठ तेव्हा निघाले नाही. पुणे विद्यापीठ स्थापन व्हायला १९४९ साल उजाडायचे होते. त्यात मधुमेहाने शरीर पोखरले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न. मागे शीलवतीबाई राहिल्या आणि विपन्नावस्था राहिली.

केतकरांच्या कचेरीत बसून ज्यांनी मराठीत शास्त्र लिहायला शिकून घेतले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे ती कचेरी काय होती ते कळते. पुण्यात १९२८ साली, ज्ञानकोश संपत आला त्याच सुमारास, गो. रा. परांजपे आदींनी ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू केले आणि मराठीत शास्त्र वाचणाऱ्यांना दरमहा खुराक मिळू लागला. त्याचा केतकरांशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, पण मराठीत हे लिहिता येते, याबद्दल तोवर कोणाला शंका उरली नव्हती. थेट वारसा सांगायचा तर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या दोघांचा. दाते १८९१ चे, कर्वे १८९३ चे. ज्ञानकोशाच्या कामात शिरले तेव्हा दोघेही तरुण. तिथे त्यांना जे वळण लागले ते जन्मभर सुटले नाही. १९३२ पासून त्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढायला सुरुवात केली. आज मराठी शब्दाचा अर्थ अडला की अभ्यासक ज्या ‘दाते-कर्वे’ कोशाकडे धावतात तो हाच. त्यानंतर १९४२ आणि १९४७ मध्ये वाक्संप्रदायांचे दोन खंड आले. १९४८ मध्ये ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ आला आणि ऑक्सिजन की प्राणवायू या जातीच्या हजारो भांडणांना एका जागी बसवण्याचा प्रयत्न झाला. १९४९ ते १९५१ या काळात ‘सुलभ विश्वकोशा’चे सहा खंड आले. नावातच सुलभ शब्द घालणारी ही माणसे कोणत्या तालमीतली हे वेगळे सांगायला नको.

शब्दकोशाचा सातवा खंड १९३८ साली छापून झाला. केतकरांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते.